कोऱ्या पानांचा प्रकाशक

१९६४ साली ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गमध्ये एक पुरस्कार सोहळा झाला. कादंबरी एकच, पण तिच्या आवृत्त्या वेगवेगळ्या देशांतले डझनभर प्रकाशक आपापल्या भाषेत काढणार, असा तो पुरस्कार होता. लेखक होता होर्खे सेम्प्रुन. जन्मानं स्पॅनिश, यादवी युद्धामुळे लहान वयातच देशाबाहेर पडलेला, बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेला. त्या छावणीकडे नेणाऱ्या रेल्वेप्रवासावर त्यानं फ्रेंचमध्ये कादंबरी लिहिली होती. एकेक प्रकाशक पुढे येई आणि आपल्या भाषेतली प्रत त्याच्या हातात ठेवी. स्पॅनिशची पाळी आली तेव्हा बार्सिलोनाचा कार्लोस बाराल पुढे आला. त्यानं दिलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठ होतं, बांधणी होती, हवी तेवढी पानं होती. आत मात्र एक अक्षरही नव्हतं.

फ्रान्कोच्या स्पेनमध्ये या कादंबरीला परवानगी नव्हती. मेक्सिकोत छापायला दिलेली स्पॅनिश आवृत्ती वेळेत तयार झाली नव्हती. म्हणून ही कोरी प्रत. सेम्प्रुननं पुढे हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. कल्पना करून बघा: तुमचं पुस्तक बारा भाषांत तुमच्यासमोर आहे, आणि तुमच्या आईच्या भाषेत तेवढं ते कोरं आहे.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो सेम्प्रुनचा वाटला होता. आता वाटतं, तो जास्त बारालचा आहे. एका प्रकाशकाची सबंध कारकीर्द त्या एका कोऱ्या पुस्तकात मावते, असं मला हळूहळू वाटू लागलं. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

*

बारालबद्दल शोधाशोध केलीत तर दोन गोष्टी हमखास सापडतील. पहिली: यानं टेबलाच्या खणात पडलेलं एक हस्तलिखित उचललं आणि मारियो व्हार्गास योसा नावाचा लेखक जगाला मिळाला. दुसरी: यानंच गार्सिया मार्केझच्या 'शंभर वर्षांच्या एकांता'ला नकार दिला. एक गोष्ट त्याच्या तीक्ष्ण नाकाची, दुसरी त्याच नाकाला झालेल्या सर्दीची. दोन्ही गोष्टी सांगायला सोप्या आणि फॉरवर्ड करायला त्याहून सोप्या.

मला दोन्हींचा कंटाळा आलाय. त्या खोट्या आहेत म्हणून नव्हे. पहिली बरीचशी खरी आहे, दुसरी बरीचशी वादग्रस्त. माझी तक्रार वेगळी आहे. दोन्ही गोष्टी असं धरून चालतात की प्रकाशन म्हणजे एका माणसाची पारख. एक माणूस खुर्चीत बसतो, पानं उलटतो, 'हो' किंवा 'नाही' म्हणतो, आणि साहित्याचा इतिहास वळतो. बारालची कारकीर्द नीट पाहिली तर दिसतं ते निराळंच.

सेइश बाराल हे मुळात साहित्याचं घर नव्हतं. १९११ मध्ये दोन कुटुंबांनी मिळून उभा केलेला हा धंदा होता छपाईचा आणि शाळेला लागणाऱ्या पुस्तकांचा. बारालचा जन्म १९२८ चा. वडील तो लहान असतानाच गेले. जेझुइटांच्या शाळेत शिक्षण, मग बार्सिलोना विद्यापीठात कायदा, आणि मग वारशानं आलेली कंपनीतली जागा. विद्यापीठात जमलेला कंपू मात्र कायद्यापेक्षा कवितेचा होता. हाइमे हील दे बिएद्मा, पुढे मोठा समीक्षक झालेला होसेप मारिया कास्तेयेत, आणि आजूबाजूचे आणखी काही जण. बाराल स्वतः कवी. रिल्केची 'ऑर्फियसला उद्देशून सुनीतं' त्यानं तरुणपणीच स्पॅनिशमध्ये आणली होती, आणि १९५७ मध्ये त्याचा 'मेट्रोपोलितानो' हा संग्रह आला.

१९५५ च्या सुमाराला त्यानं भागीदार व्हिक्टर सेइश आणि लॅटिनचा जाणकार होआन पेतित यांच्यासोबत 'बिब्लिओतेका ब्रेवे', म्हणजे 'छोटं ग्रंथालय', ही मालिका सुरू केली. फ्रान्सची नवी कादंबरी, इटलीचे लेखक, कास्तेयेतचा 'वाचकाची वेळ' हा १९५७ चा समीक्षाग्रंथ, असं बरंच काही त्या मालिकेतून आलं. १९५८ पासून त्याच नावाचा कादंबरी-पुरस्कार सुरू झाला. तो अप्रकाशित हस्तलिखिताला दिला जाई.

आता या यादीत बारालचं नाक कुठे आहे? शोधावं लागतं. दिसते ती एक व्यवस्था: पैसा पुरवणारं जुनं घर, शांत डोक्याचा भागीदार, भाषा जाणणारे वाचक, आणि दरवर्षी नवं लेखन खेचून आणणारा पुरस्कार. त्या वाचकांमध्ये गाब्रिएल फेर्राते नावाचा एक विलक्षण कवी होता. अनेक भाषांतली पुस्तकं वाचून तो प्रकाशकांसाठी अहवाल लिहायचा. 'छापा' किंवा 'नको' एवढंच न म्हणता का ते सांगणारे. त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी ते अहवाल स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाले. म्हणजे कधीकाळी ऑफिसच्या कपाटात गेलेले कागद शेवटी साहित्य ठरले.

*

इथे मला स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल.

मी एका छोट्या प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचते. पूर्ण वेळ नाही, फावल्या वेळात. मेलवर पीडीएफ येते, मी वाचते, अर्ध्या पानाचा अभिप्राय पाठवते. काही वर्षांपूर्वी एक कादंबरी आली होती. मी ती लोकलमध्ये, फोनच्या स्क्रीनवर, चाळीसेक पानं वाचली आणि दोन ओळी लिहून पाठवल्या: भाषा चांगली आहे, पण कादंबरी उभी राहत नाही. चाळीस पानांत कादंबरी उभी राहते की नाही हे मला कसं कळलं, असं कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की पुढची दोनशे पानं मी उघडलीच नव्हती. त्या कादंबरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

स्पॅनिश शिकता शिकता बारालच्या आठवणी वाचायला घेतल्या तेव्हा व्हार्गास योसाची ती प्रसिद्ध गोष्ट आली. कंटाळवाण्या दुपारी बारालनं खणातून एक हस्तलिखित काढलं. त्याला आधीच एक थंड अभिप्राय जोडलेला होता. तरी तो वाचत बसला आणि हादरला. लीमातल्या एका लष्करी शाळेतली मुलं, त्यांची हिंसा, त्यांची भीती. लेखक सव्वीस वर्षांचा, पॅरिसमध्ये राहणारा. १९६२ चा पुरस्कार त्या कादंबरीला मिळाला, आणि लॅटिन अमेरिकन 'बूम' म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या लाटेची एक सुरुवात तिथून धरली जाते.

सगळे ही गोष्ट वाचून बारालवर खूश होतात. मला मात्र त्या थंड अभिप्रायवाल्याची काळजी वाटली. त्यानं किती पानं वाचली असतील? कशात बसून?

*

पुरस्कार मिळाला म्हणजे पुस्तक छापता येईल असं नव्हतं. त्या वेळच्या स्पेनमध्ये प्रत्येक पुस्तक छापण्याआधी सरकारकडे पाठवावं लागे. सेन्सॉरच्या कर्मचाऱ्यासमोर एक छापील फॉर्म असायचा. त्यावर ठरलेले प्रश्न: धर्मतत्त्वांवर हल्ला आहे का? नीतीवर? चर्चवर किंवा धर्मगुरूंवर? राजवटीवर आणि तिच्या संस्थांवर? राजवटीला साथ देणाऱ्या व्यक्तींवर? आणि हे आक्षेपार्ह भाग सबंध पुस्तकाचं स्वरूप ठरवतात का?

या कर्मचाऱ्याला स्पॅनिशमध्ये 'लेक्तोर' म्हणत. लेक्तोर म्हणजे वाचक. प्रकाशकाकडे हस्तलिखित वाचून अहवाल लिहिणाराही लेक्तोरच. एकाच कादंबरीला दोन वाचक, दोन अहवाल, दोन टेबलं. एकाचं काम पुस्तक जगात येण्यासाठी कारण शोधणं. दुसऱ्याचं काम ते येऊ नये यासाठी.

बारालची खरी कला या दोन टेबलांच्या मधल्या जागेत होती. व्हार्गास योसाच्या 'शहर आणि कुत्रे' या कादंबरीसाठी त्यानं कित्येक महिने वाटाघाटी केल्या. त्या काळी माहिती खात्याची सूत्रं मानुएल फ्रागा या नव्या मंत्र्याकडे होती आणि पुस्तकांचा प्रश्न त्याचा मेव्हणा कार्लोस रोब्लेस पिकेर हाताळत होता. बारालनं पुरस्काराचं वजन वापरलं. परीक्षक आणि प्रतिष्ठित कॅथलिक कवी-प्राध्यापक होसे मारिया वालवेर्दे याचं टिपण पहिल्या आवृत्तीच्या सुरुवातीला जोडलं. असं टिपण म्हणजे नुसती प्रस्तावना नव्हती, चिलखत होतं. शेवटी तडजोड झाली: आठ ठिकाणचे शब्द बदलायचे. १९६३ मध्ये कादंबरी बाहेर आली. पुढे मूळ शब्द परत आले.

आठ शब्दप्रयोग. काही शेकडो पानांच्या कादंबरीत हे काय फार झालं, असं कुणीही म्हणेल. बहुतेक जण म्हणतातही. हा किस्सा व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणून सांगितला जातो, आणि ऐकणारे हसतात.

मला इतकं सहज हसता येत नाही. १९६३ मध्ये ती प्रत विकत घेणाऱ्या बार्सिलोनातल्या एखाद्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याच्या हातातल्या पुस्तकात आठ जागी लेखकाचा हात सरकारनं धरलेला होता, आणि हे त्याला दिसण्याची काहीही सोय नव्हती. पान गुळगुळीत होतं. आक्षेप घेणारी राजवट अदृश्य, आणि तिच्याशी बोलणी करणारा प्रकाशकही अदृश्य. वाचकाला वाटणार, आपण अख्खी कादंबरी वाचली.

बारालनं ते करायला नको होतं, असं मी म्हणत नाही. केलं नसतं तर कादंबरी तेव्हा स्पेनमध्ये आलीच नसती. पण तडजोडीचेही दोन प्रकार असतात, एक खूण ठेवणारी आणि एक खूण पुसणारी. बाराल दोन्ही करत होता. साल्झबुर्गमधलं कोरं पुस्तक ही पहिल्या प्रकारची गोष्ट, आणि आठ शब्दांची कादंबरी दुसऱ्या. त्याचा मोठेपणा आणि त्याची मर्यादा, दोन्ही मला या दोन पुस्तकांच्या मधल्या अंतरात दिसतात.

*

कोरं पुस्तक शक्य कसं झालं, हे समजून घ्यायला मायोर्का बेटावर जावं लागतं. तिथल्या फॉरमेंतोर नावाच्या टोकाला, समुद्रकाठच्या हॉटेलात, बारालनं युरोप-अमेरिकेतले प्रकाशक जमवले: इटलीचा एइनाउदी, फ्रान्सचा गालिमार, जर्मनीचा रोवोल्ट, ब्रिटनचा वायडनफेल्ड, अमेरिकेचा ग्रोव्ह. १९६१ मध्ये या गटानं दोन पुरस्कार दिले. एक आंतरराष्ट्रीय, नाव कमावलेल्या लेखकाला. तो पहिल्याच वर्षी बोर्खेस आणि बेकेट यांच्यात विभागला गेला. तोवर बोर्खेस अर्जेंटिनाबाहेर मोजक्यांनाच माहीत होता, त्यानंतर त्याचं नाव झपाट्यानं जगभर गेलं. दुसरा पुरस्कार अप्रकाशित कादंबरीसाठी, जी सर्व सहभागी प्रकाशकांनी काढायची. तो हुआन गार्सिया होर्तेलानो या स्पॅनिश लेखकाला मिळाला.

वरवर पाहिलं तर ही श्रीमंत हॉटेलातली साहित्यिक मैफल. काही प्रमाणात ती तशी होतीच. दारू, गप्पा, रात्रीचे वाद, फोटो. पण व्यवस्था म्हणून तिच्याकडे बघा. हुकूमशाहीत एखादं पुस्तक अडवणं सोपं असतं, कारण अडवल्याचं कुणाला कळत नाही. तेच पुस्तक डझनभर देश एकाच वेळी छापणार असतील तर अडवणं महाग पडतं, कारण गैरहजेरी दिसते. बारालनं स्पेनमध्ये बाहेरचे साक्षीदार आणून बसवले होते.

राजवटीलाही हे कळायला वेळ लागला नाही. एइनाउदीनं १९६२ मध्ये फ्रान्कोविरोधी स्पॅनिश प्रतिकारगीतांचं एक पुस्तक इटलीत छापलं. त्यावरून स्पेनमध्ये गदारोळ उठला आणि ही बैठक स्पेनमध्ये भरवणं अशक्य झालं. मग पुरस्कार भटका झाला. १९६३ मध्ये ग्रीसमधलं कोर्फू, मग साल्झबुर्ग, मग फ्रान्सचा किनारा, आणि १९६७ मध्ये ट्युनिशिया, जिथे तो गोम्ब्रोविचला मिळाला. कोर्फूला व्हार्गास योसाची कादंबरीही स्पर्धेत होती. ती दुसरी आली. पहिली आली ती सेम्प्रुनची.

म्हणून ते कोरं पुस्तक. बाराल ती प्रत न देताही हसून वेळ मारून नेऊ शकला असता. 'छपाई चालू आहे' एवढं म्हणणं पुरलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. त्याऐवजी त्यानं गैरहजेरीलाच मुखपृष्ठ चढवलं आणि सर्वांसमोर मांडलं. सेन्सॉरनं केलेली गोष्ट एरवी दिसत नाही. इथे ती हातात धरता येत होती, तिचं वजन लागत होतं.

*

मग ती दुसरी गोष्ट. गार्सिया मार्केझ.

'शंभर वर्षांचा एकांत' १९६७ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या सुदामेरिकाना प्रकाशनानं काढली. बारालनं ती नाकारली, ही कथा तेव्हापासून त्याच्या मागे लागली ती मरेपर्यंत. त्यानं ती नेहमी फेटाळली. आपण ते हस्तलिखित वाचलंच नाही, वेळेवर उत्तर न दिल्यानं झालेला तो घोटाळा होता, असं त्याचं म्हणणं.

समजा तो खरं बोलत होता. तर ही बाब माझ्या मते नकारापेक्षा वाईट आहे, आणि जास्त नेहमीचीही. नकार देणारा निदान वाचतो. न वाचलेलं हस्तलिखित म्हणजे दुसऱ्या प्रकारचं कोरं पुस्तक. त्यात सेन्सॉर नाही, राजवट नाही, दोष देता येईल असा कुणी मंत्री नाही. आहे तो फक्त एक थकलेला माणूस आणि उत्तर न दिलेलं एक पत्र. लोकांना नकाराची गोष्ट आवडते, कारण तिच्यात चूक करणारा कुणी दिसतो. दुर्लक्षाची गोष्ट कुणाला सांगावीशी वाटत नाही, कारण ती आपल्या सगळ्यांची असते. माझी तर आहेच.

*

१९६७ हे वर्ष बारालसाठी आणखी एका कारणानं घातक ठरलं. फ्रांकफुर्टच्या पुस्तकमेळ्याच्या वेळी ट्रामची धडक बसून व्हिक्टर सेइश गेला. पेतित त्याआधीच, १९६४ मध्ये, वारला होता. आता कंपनीत बाराल होता आणि दोन कुटुंबांचे वारस होते. त्यांना एका कवीनं आपल्या पैशावर चालवलेल्या साहित्यसंसाराचं कौतुक किती असणार? १९७० मध्ये बाराल स्वतःचंच आडनाव असलेल्या घरातून बाहेर पडला. त्यानं 'बाराल एदितोरेस' काढलं. पेरूच्या आल्फ्रेदो ब्रीसे एचेनीकेची पहिली कादंबरी छापण्यासारखी चांगली कामं तिथेही झाली. पण ते घर दशकभरही धड चाललं नाही. सेइश बाराल पुढे १९८२ मध्ये प्लानेता या बलाढ्य समूहाकडे गेलं. नाव अजून आहे, पुरस्कारही मोठ्या खंडानंतर पुन्हा सुरू झालाय.

नाकाची दंतकथा इथे पार कोसळते. नाक तेच होतं. १९७० नंतर ते बोथट झालं असं मानायला काही कारण नाही. बदललं होतं ते आजूबाजूचं: भागीदाराचा शांतपणा, जुन्या धंद्याचा पैसा, सकाळी वेळेवर ऑफिसला येणारी माणसं. सेइशचं नाव आज किती जणांना माहीत आहे? कंपनीच्या नावातला पहिला शब्द त्याचा आहे, तरी आपण तो बारालच्या नावाला चिकटलेला उपसर्ग असल्यासारखा वाचतो.

आणखी एक नाव इथे घ्यायला हवं: कार्मेन बाल्सेल्स. सुरुवातीला ती सेइश बारालच्या लेखकांचे परदेशी हक्क विकायची. मग तिच्या लक्षात आलं की एजंटनं प्रकाशकाच्या बाजूनं नव्हे, लेखकाच्या बाजूनं उभं राहायला हवं. लेखकाला आयुष्यभरासाठी बांधून टाकणारे करार तिनं मोडीत काढले, मुदत आणि प्रदेश ठरवून हक्क द्यायला लावले. गार्सिया मार्केझ आणि व्हार्गास योसा दोघंही तिचे लेखक. बाराल लेखकांचा मित्र होता, रात्र रात्र त्यांच्याशी बोलायचा. बाल्सेल्सनं त्यांच्या घरभाड्याची काळजी केली. 'बूम'चा इतिहास लिहिताना मैत्रीवर जेवढी पानं खर्च होतात तेवढी करारावर होत नाहीत.

*

उरतात आठवणी. 'प्रायश्चित्ताची वर्षं' (१९७५), 'सबबी नसलेली वर्षं' (१९७८) आणि १९८८ मधला तिसरा खंड. माझ्या मते कवितेइतकंच, कदाचित तिच्याहून जास्त, टिकणारं बारालचं लेखन हे आहे. वाक्यं लांब, वळणं घेत जाणारी. कापडाचा पोत, होडीची दोरी, कालाफेलच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं घर, मित्राच्या आवाजातली लकब, हे सगळं तो असं लिहितो की वास येतो. यादवीनंतरच्या बार्सिलोनाचा करडेपणा, जेझुइट शाळेतली घुसमट, हे मी इतर कुणाकडे इतक्या स्पर्शासकट वाचलेलं नाही.

पण याच आठवणींनी नाकाची दंतकथाही पोसली. या पुस्तकांत संभाषणं भरपूर आहेत, हिशेब फार कमी. मित्र उठून दिसतात, टाइप करणारे, प्रुफं तपासणारे, पार्सलं बांधणारे जवळपास दिसतच नाहीत. बायका बहुतेक वेळा खोलीच्या कडेला असतात. रोसा रेगास त्याच्या प्रकाशनात काही वर्षं काम करून १९७० मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था काढते. या माणसांच्या नजरेतून ते ऑफिस कसं दिसत होतं, हे बारालच्या पानांतून मला कळत नाही. आणि आपल्या मित्रांचीच पिढी ही देशाची पिढी, असं मांडायची त्या कंपूची सवय होती. तिच्यावर त्या काळीही टीका झाली, आणि ती रास्त होती. दरवाजा उघडा ठेवणारा माणूस दरवाजा कुणासाठी उघडतो, हेही ठरवत असतो.

स्वतःच्या कवितेबद्दल मात्र तो निर्दय होता. प्रकाशनानं आपल्यातला कवी खाल्ला, ही खंत त्याच्या रोजनिशीत पुन्हा पुन्हा येते. त्याच्या सगळ्या कविता एका मध्यम जाडीच्या पुस्तकात मावतात. शेवटच्या वर्षांत तो समाजवादी पक्षाकडून सेनेटर झाला, मग युरोपीय संसदेत गेला. १९८९ च्या डिसेंबरात वारला. कालाफेलचं ते घर आज संग्रहालय आहे.

न लिहिलेल्या कविता, न वाचलेलं हस्तलिखित, अक्षर नसलेलं पुस्तक. यशस्वी प्रकाशकाची कारकीर्द त्यानं छापलेल्या पुस्तकांनी मोजतात, आणि तशी मोजली तरी बाराल मोठाच ठरतो. पण छापलेल्या पुस्तकांची यादी आपल्याला हे सांगत नाही की प्रत्येक पानामागे किती जणांनी काय गिळलं. साल्झबुर्गमधल्या त्या प्रतीनं ते एकदा सांगितलं. सेम्प्रुनची कादंबरी स्पेनमधल्या वाचकाला उघडपणे मिळाली ती फ्रान्कोच्या मृत्यूनंतर.

आज आपल्या फोनवर रोज काही ना काही वाचायला सुचवलं जातं. कुणीतरी, काहीतरी, आपल्या आधी निवडलेलं असतं. निवड होणारच. सगळं सगळ्यांपर्यंत पोचेल अशी जागा कधीच नव्हती, बारालच्या बार्सिलोनातही नव्हती. निवडणाऱ्याकडून मागता येईल ती गोष्ट एवढीच: काय गाळलं याची काहीतरी खूण ठेव.

मी अजूनही हस्तलिखितं वाचते, अजूनही बरीचशी लोकलमध्ये. सगळी शेवटपर्यंत वाचून होतात असं म्हटलं तर खोटं ठरेल. पण बाराल वाचल्यापासून अभिप्रायाच्या शेवटी मी एक ओळ जास्तीची लिहिते: एकूण पानं इतकी, वाचली इतकी. प्रकाशकांनी पहिल्यांदा ती ओळ बघून फोन केला होता. म्हणाले, "हे कशाला लिहिता? नकार द्यायचा तर सरळ द्या की."

मी म्हटलं, "राहू द्या. पुढे कुणाला ती उघडावीशी वाटली, तर कुठून वाचायची राहिलीय ते कळेल."